मम्मी आज ओरडू नये

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

लिहिणाऱ्या भगिनी ३९ वर्षांच्या, एका रुग्णालयात स्टाफ नर्स. माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्नानंतर पिंपरी-चिंचवडला. पती कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. घरात सासूबाई, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. चर्चमध्ये दहा वर्षं संडेस्कूल घेतात. त्या लिहितात: "वॉर्डात मला सगळे शांत सिस्टर म्हणतात. घरात पाऊल टाकलं की मी वेगळीच होते. मागच्या महिन्यात नाइट करून आले, तर दूध उतू जाऊन गॅसवर वाळलेलं आणि मुलगी शेजारीच मोबाइल बघत बसलेली. हातात जेवणाचा डबा होता, तो फेकला. भिंतीला लागला, तिला नाही. पण ती दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसली, ते डोळ्यांपुढून जात नाही. त्या रविवारी घरच्या भक्तीत प्रार्थनेची पाळी मुलाची होती. म्हणाला, 'प्रभू, आजीचे गुडघे बरे कर, पप्पांची गाडी नीट चालू दे आणि मम्मी आज ओरडू नये. आमेन.'"

त्यांनी उपवास केले. एका प्रार्थनासभेत डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, तिथे "रागाचा आत्मा आहे" असं सांगण्यात आलं. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. वडीलही तापट होते, त्यामुळे हे रक्तातच असावं असं त्यांना वाटतं. त्या विचारतात: मावशी, माझा विश्वास खोटा आहे का? संडेस्कूल सोडू का? प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घेणं थांबवू का?

प्रिय भगिनी,

तुमच्या मुलाच्या प्रार्थनेत मला आधी दिसला तो क्रम. आजीचे गुडघे, पप्पांची गाडी, मम्मीचं ओरडणं. तिसरीतल्या पोराच्या लेखी ही तिन्ही एकाच जातीची दुखणी आहेत. कुणाच्या हातात नसलेली, अवकाळी पावसासारखी. म्हणून तो ती देवाकडे नेतो आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. पण पत्र वाचताना मला वाटलं, तुम्हीसुद्धा तुमच्या रागाकडे तसंच बघता आहात. वडिलांकडून रक्तात आला, कुणी सांगितलं म्हणून आत्मा ठरला, उपवासाने गेला, पाचव्या दिवशी परत आला. या सगळ्या हकिकतीत येतो-जातो तो राग, आणि तुम्ही मात्र दार उघडं टाकून बसलेल्या.

हे मला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण तुम्हीच पत्राच्या पहिल्याच ओळीत दिलं आहे. वॉर्डात तुम्हाला शांत सिस्टर म्हणतात. रात्री दोनला पेशंटचा नातेवाईक अंगावर धावून येतो, डॉक्टर आपली चूक तुमच्या माथी मारतात, इंचार्ज सिस्टर चारचौघांत बोलतात. तिथेही तुमच्या हातात ट्रे असतो. तो फेकला जात नाही. म्हणजे "मला राग आवरत नाही" हे वाक्य खरं नाही. तुम्हाला तो आवरतो, अख्खी ड्युटीभर आवरतो, आणि रोज आवरतो. खरं वाक्य जरा कडू आहे. तिथे आवरला नाही तर नोकरीवर येईल, आणि घरात आवरला नाही तरी कुणी सोडून जाणार नाही, हे आपल्या मनाला ठाऊक असतं. जिथून माया हमखास परत मिळते तिथेच माणूस ती उधळतो. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. आवरण्याची ताकद तुमच्याकडे आधीच आहे, हे तुमच्या लक्षात यावं एवढ्यासाठीच लिहिते आहे. देवाकडे मागायचं ते वेगळं काही आहे.

"रागाचा आत्मा" या शब्दांनी तुम्हाला धास्ती बसली आहे, म्हणून त्याबद्दल आधी बोलते. ज्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून बघा. प्रेषित पौल तिथे जी यादी देतो त्यात वैर, कलह, मत्सर यांच्या पंगतीला राग बसवलेला आहे, आणि त्या यादीला तो नाव देतो "देहाची कर्मे". भुतं म्हणत नाही. त्याच्या पुढेच दुसरी यादी येते, आत्म्याच्या फळाची: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, आणि अगदी शेवटी इंद्रियदमन. तुमचं माहेर नगरकडचं, तेव्हा डाळिंबाची बाग तुम्ही पाहिली असेल. कलम लावलं की त्या वर्षी कुणी फळ मागत नाही. दोन-तीन वर्षं नुसतं झाड वाढवायचं, छाटायचं, मग बहर धरायचा. आणि बहर धरायच्या आधी झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात. पौलाने फळ हा शब्द विचार करूनच वापरला असणार. तुम्ही मात्र फळाकडे इंजेक्शनसारखं बघता आहात. शुक्रवारी दिलं, मंगळवारपर्यंत असर राहिला, बुधवारी उतरला, म्हणून औषध खोटं किंवा पेशंट बरा न होणारा. चार दिवस बरे गेले ना? मग ते चार दिवस खरे होते. त्या चार दिवसांत काय वेगळं होतं, हे मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल. नाइट ड्युटी होती का? झोप झाली होती का? सासूबाईंनी स्वयंपाकाला हात लावला होता का?

आता प्रार्थनेबद्दल. याच ठिकाणी मला तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

तुम्ही प्रार्थना करता, "प्रभू, माझा राग काढून टाक." मीही अनेक वर्षं तीच प्रार्थना केली. मग कधीतरी पवित्र शास्त्रातली रागावलेली माणसं एकेक करून वाचायला घेतली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाचा मुलगा काइन आपल्या भावावर संतापतो, तेव्हा देव त्याच्यावर वीज पाडत नाही. विचारतो: तू का संतापलास? तुझा चेहरा का उतरला? अजून काइनाने भावावर हात उचललेला नाही, त्याच्याआधीचा हा प्रश्न आहे. निनवे शहराला देवाने क्षमा केली म्हणून संदेष्टा योना रुसतो, तेव्हा देव त्यालाही विचारतो: तुझं हे रागावणं बरं आहे काय? एकदा नव्हे, दोनदा विचारतो, दुसऱ्यांदा त्याच्यावर सावली धरणारी वेल वाळली त्यावरून. आणि लूकच्या पंधराव्या अध्यायात, प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात, उधळ्या मुलाचा थोरला भाऊ रागावून घरात यायला तयार नसतो, तेव्हा बाप स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो.

तिन्ही ठिकाणी देव रागावलेल्या माणसाशी बोलतो. राग उपटून काढत नाही, माणसाला त्याच्या रागाबद्दल बोलतं करतो. काइन उत्तर देत नाही. योना उत्तर देतो, रागाने का होईना. थोरला भाऊ मात्र मनातलं सगळं ओकून टाकतो: इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. भगिनी, हे वाक्य ओळखीचं वाटतं का? त्या सकाळी दूध उतू गेलं होतं खरं, पण डबा दुधासाठी फेकला गेला असं मला वाटत नाही. "रात्रभर मी परक्यांची सेवा करून येते, आणि या घरात माझ्याशिवाय कुणाचं कशाकडे लक्ष नाही, साधा गॅससुद्धा कुणी बंद करत नाही." वाळलेल्या दुधात तुम्हाला हे दिसलं असणार. थोरल्या भावाचंच गाऱ्हाणं आहे हे, आणि त्यात तथ्यही आहे. बापाने त्याला "तू कृतघ्न आहेस" असं म्हटलेलं नाही. म्हणाला, बाळा, तू तर नेहमी माझ्याजवळच आहेस.

म्हणून माझी विनंती आहे की महिनाभर "राग काढून टाक" ही प्रार्थना बाजूला ठेवा. त्याऐवजी देवाचा प्रश्न ऐका. तू का संतापलीस? चेहरा का उतरला? आणि खरं उत्तर द्या, चर्चच्या भाषेत नको, घरच्या भाषेत. "नवऱ्याने विचारलंसुद्धा नाही, जेवलीस का." "सासूबाई पोरांसमोर बोलल्या." "पाय भरून आलेत." स्तोत्रकर्त्यांनी देवापुढे याहून कितीतरी कडू बोलणी केली आहेत आणि ती शास्त्रात जशीच्या तशी ठेवली आहेत. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियस नावाचा एक संन्यासी राहत होता, इ.स. ३९९ मध्ये वारला. माणसाच्या मनाला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली, त्यात राग आहे. रागाबद्दल तो म्हणतो की ऐन प्रार्थनेच्या वेळी राग मनाला पकडतो आणि ज्याने दुखावलं त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून उभा करतो. सोळाशे वर्षांपूर्वी वाळवंटात एकटा राहणारा माणूस हे लिहून गेला. तुम्हाला घरात चार माणसांत राहून असं होत असेल, तर त्याला विश्वासाची उणीव म्हणू नका. तो चेहरा समोर आला की ढकलून देऊ नका. त्याच माणसाबद्दल देवाशी बोला.

दिवसा, ऐन प्रसंगी, एवढं बोलायला वेळ नसतो. त्यासाठी एकच ओळ तोंडी ठेवा. १४१व्या स्तोत्रात आहे: हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव. घराच्या दारात चपला काढताना ती म्हणा. रोज, राग असो वा नसो. रागाच्या क्षणी नवीन प्रार्थना सुचत नाही, पायाखालची मळलेली वाटच सापडते.

देहाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही सिस्टर आहात. पण आपल्याच घरात आपण नर्स राहत नाही. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर. तुम्ही नाइट करून येता, रात्रीचा डबा अर्धा राहिलेला असतो, झोप नाही, आणि दारातून थेट ओट्याशी जाता. त्यावर शुक्रवारचा उपवास. या महिन्यात उपवास करू नका, असं मी तुम्हाला मोकळेपणाने सांगते. नाइटच्या दिवसांत तर मुळीच नको. पोटात अन्न नसताना राग लवकर चढतो हे तुम्ही पेशंटमध्ये रोज बघता.

पेशंटचा जसा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट ठेवता, तसा दोन आठवडे स्वतःचा ठेवा. राग किती वाजता आला, त्याआधी किती तास झोप झाली होती, शेवटचं कधी खाल्लं, समोर कोण होतं, आणि राग येण्याच्या आधी नेमकं काय वाटलं. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. रागाच्या आधी एक क्षण दुसरंच काही असतं: भीती, अपमान, थकवा, नाहीतर "माझं कुणी नाही" असं काहीतरी. माझा अंदाज असा की तुमच्या बहुतेक नोंदी घरी आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या निघतील. तसं निघालं तर उपाय त्या अर्ध्या तासातच आहे. वॉर्डात ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, दिल्याघेतल्याशिवाय तुम्ही पेशंटला हात लावत नाही. घरातही ओव्हर घ्या. आल्यावर वीस मिनिटं कुणी काही विचारायचं नाही, काही दाखवायचं नाही. तोंड धुवायचं, चहाबरोबर काहीतरी खायचं, मग सासूबाई किंवा मुलगी पाच वाक्यांत सांगेल की घरात काय झालं आणि काय राहिलं. हा नियम रागाच्या वेळी जाहीर करू नका. रविवारी दुपारी, सगळे जेवून बसले असताना ठरवा.

पाळीच्या तारखाही त्या चार्टमध्ये लिहा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या. थायरॉइड वाढलं की माणूस चिडचिडा होतो, आणि नैराश्यही पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्याच्या रूपाने बाहेर पडतं. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं नव्हे. आयुष्यभर लोकांना औषधं देणाऱ्या बाईला हे मी समजावून सांगायला नको. बाहेर जायचा संकोच वाटत असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्या पत्रात पतींचा उल्लेख फक्त गाडीपुरता आहे. मला तो टोचला. प्रभूही रागावला होता. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करू नये म्हणून टपून बसलेल्यांकडे त्याने रागाने पाहिलं असं लिहिलं आहे, आणि त्याच वाक्यात तो खिन्न झाला असंही लिहिलं आहे. राग आला म्हणजे लगेच पाप झालं असं नाही. कधी कधी रागच सांगतो की इथे काहीतरी अन्याय चालला आहे. दोन पगार, दोन मुलं, एक आजारी म्हातारी, आणि स्वयंपाकघर मात्र एकटीच्या नावावर. पतींशी बोला. डबा फेकल्याच्या दिवशी नको, सुट्टीच्या दिवशी बाहेर फिरायला जाऊन बोला. "तुम्ही काही करत नाही" असं म्हणू नका. "माझ्या नाइटच्या दिवसांत सकाळचं दूध आणि पोरांचे डबे तुम्ही बघा" असं म्हणा. कामाचं नाव घेऊन मागितलं तर मिळण्याची शक्यता वाढते.

"सूर्य मावळण्याआधी राग सोडा" हे वचन तुम्हाला पाठ असेल. तुमच्या घरात ते पाळायचं कसं, याचा मी बराच विचार केला, कारण सूर्य मावळतो तेव्हा तुम्ही ड्युटीला निघालेल्या असता. भांडण सकाळी झालेलं, दिवसभर तुम्ही झोपलेल्या, मुलगी शाळेतून येते तेव्हा तुम्ही केस विंचरत असता, आणि दोघी न बोलता निघून जाता. असा आठवडा गेला की राग वाळून भिंतीला चिकटतो. इफिसकरांस पत्रात त्याच वचनाच्या पुढे लिहिलं आहे की सैतानाला वाव देऊ नका. वाव मिळतो तो अशा न सोडवलेल्या दिवसांत. म्हणून तुमचा सूर्यास्त दाराची कडी लावताना होतो असं धरा. घराबाहेर पडण्याआधी मुलीजवळ दोन मिनिटं जा. प्रकरण मिटलंच पाहिजे असं नाही. "मघाशी जे झालं त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय, उद्या बोलू, आता निघते" एवढंही पुरे. आणि उलटही सांगते: वचन पाळायचं म्हणून रात्री साडेबाराला नवऱ्याला उठवून भांडण मिटवत बसू नका. पौलाच्या त्या वचनाची सुरुवात, "रागावा, पण पाप करू नका", चौथ्या स्तोत्रातून आली आहे, आणि तिथे पुढे अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी बोलून स्तब्ध राहायला सांगितलं आहे.

तुम्ही मुलीची माफी मागितली की नाही, हे पत्रात नाही. नसेल मागितली तर कारणाचा अंदाज मला आहे. आपल्याकडे आईबापाने मुलांची माफी मागायची पद्धत नाही. धाक जाईल असं वाटतं. मग आपण आवडीचं कालवण करतो, डोक्यावरून हात फिरवतो, आणि झालं असं धरतो. मुलगी ते खाते, पण डोक्यावर हात धरून बसलेली ती तिथेच राहते.

माझे वडील शाळामास्तर होते, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. विलक्षण तापट. त्यांना राग आला की ते घराबाहेर पडून आडावर जात आणि पाणी शेंदत. रहाटाचा कर्रकर्र आवाज आला की आई म्हणायची, "आज हौद भरणार." पुढे मला वाटायचं, मेहनतीने त्यांचा राग निघून जात असेल. आता तसं वाटत नाही. उशीवर बुक्क्या मारून, आदळआपट करून राग उतरतो ही समजूत अभ्यासकांनी तपासली आहे आणि ती टिकली नाही. धाप लागेल असं काही केल्याने राग कमी होत नाही, श्वास आणि अंग सावकाश केल्याने होतो. आम्हाला वाचवलं ते ओट्यापासून आडापर्यंतच्या चाळीस पावलांनी. ते निघून जायचे, एवढीच त्यांची मोठी गोष्ट. तुमच्या फ्लॅटमध्ये आड नाही, पण जिना आहे. "मी खाली जाऊन येते" असं सांगून निघा. न सांगता निघालात तर मुलांना वाटतं आई सोडून चालली.

एकदा मात्र ते वेळेवर निघाले नाहीत. मी नऊ-दहा वर्षांची होते. कशावरून झालं ते आठवत नाही. माझी पाटी त्यांनी अंगणात भिरकावली आणि ती फुटली. संध्याकाळी आई भाकरी थापत होती, मी चुलीपाशी बसले होते. वडील आत आले आणि जमिनीवर बसले. स्वयंपाकघरात ते कधी जमिनीवर बसत नसत. माझ्याकडे बघून म्हणाले, "मघाशी मी चुकलो. पाटी फोडायला नको होती. तू घाबरलीस." पुढे काही नाही. आईचा हात काही क्षण पिठावरच थांबला. धाक गेला का? नाही. पण त्या संध्याकाळपासून त्यांच्या रागाची मला पूर्वीइतकी भीती वाटली नाही, कारण त्या रागाच्या पलीकडे कुणीतरी आहे हे मला कळलं.

तशी माफी मागा. काय केलं त्याचं नाव घेऊन, आणि "पण" न घालता. "मी डबा फेकला. तू घाबरलीस. ते माझं चुकलं. दूध उतू गेलं तरी डबा फेकायचा नसतो." दुधाचं आणि मोबाइलचं बोलणं दुसऱ्या दिवशी करा, वेगळं करा. ती लगेच गळ्यात पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. तेरा-चौदा वर्षांची मुलगी "ठीकेय" म्हणून मान फिरवेल. चालेल. माफी मागणं तुमचं काम, माफ कधी करायचं हे तिने ठरवायचं. आईबापाने पोरांना चिरडीस आणू नये असं कलस्सैकरांस पत्रात आहे, आणि कारणही दिलं आहे: ती खिन्न होतील. रागाने मुलं सुधारत नाहीत, आतून विझतात.

रक्ताबद्दल एवढंच. स्वभावाचा काही वाटा जन्मासोबत येतो हे मी नाकारत नाही. पण वडिलांकडून तुम्हाला रागाबरोबर रागावण्याची रीतही मिळाली: आवाज कुठे चढवायचा, वस्तू कशी उचलायची. आणि शिकलेली रीत बदलता येते. तुमची मुलं आत्ता तुमच्याकडून ती शिकत आहेत, माफी मागायचीही शिकू शकतील.

आता तुमचे तीन प्रश्न. विश्वास खोटा आहे का? याकोब आणि योहान या दोघा भावांना प्रभूनेच नाव दिलं होतं "गर्जनेचे पुत्र". एका शोमरोनी गावाने जागा दिली नाही, तर दोघे म्हणाले, स्वर्गातून अग्नी पाडून या लोकांना भस्म करू का? प्रभूने त्यांना धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. बारा शिष्यांतून त्यांना काढलं नाही. आपल्या घरातलं उदाहरण हवं तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घ्या. १८९५ साली बाप्तिस्मा झाला, मराठी मंडळ्या आजही त्यांची गीतं गातात. त्यांचा तापट स्वभाव लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये झाकून ठेवलेला नाही. त्यांच्या भक्तीला त्यामुळे खोटं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पण लक्ष्मीबाईंनी जे सोसलं तेही लहान म्हणणार नाही. दोन्ही एकाच घरात होतं.

प्रभुभोजन थांबवू नका. करिंथकरांस पहिल्या पत्रात माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी असं आहे. परीक्षा करून दूर राहावं असं नाही. मात्र मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं पाळा: वेदीजवळ दान आणलं आणि आठवलं की कुणाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करायचा. तुमच्या बाबतीत वेदीपासून मुलीच्या खोलीपर्यंतचं अंतर आहे. शनिवारी रात्री जा.

संडेस्कूलबद्दल माझं मन थोडं डळमळलं. सोडलं तर तुमचा हक्काचा आनंद जातो, आणि मुलांना वाटेल आपल्यामुळे गेला. चालू ठेवलं तर तुमच्याच मुलांना तुमच्या दोन चेहऱ्यांतलं अंतर दर रविवारी दिसतं. शेवटी असं वाटतं: वर्गातल्या मुलांवर कधी हात उचलला किंवा ओरडला असाल तर तीन महिने थांबा. तसं नसेल तर चालू ठेवा, पण एका माणसाला खरं सांगून. पाळकसाहेब, नाहीतर भगिनी मंडळातली एखादी वयाने मोठी, तोंड बंद ठेवणारी बाई. एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोबाच्या पत्रात आहे. कॅथलिक वाचकांना पापनिवेदनाची सोय आहे, आपल्याकडे ती जागा रिकामी राहते आणि माणूस एकटाच घुसमटतो. त्या बाईने दर रविवारी चर्च सुटल्यावर एवढंच विचारायचं: हा आठवडा कसा गेला?

एक गोष्ट इतर वाचकांसाठी. हे पत्र अशा बाईचं आहे जिला स्वतःचा राग दिसतो आणि सलतो. ज्यांच्या घरात दुसऱ्या कुणाचा राग हातापर्यंत आला आहे, त्यांनी यातलं "समेट करा" स्वतःला लावून घेऊ नये. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे, मग तसं सांगणारा मंडळीतला कितीही मोठा असो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. आधी सुरक्षित जागी जा, क्षमेचं नंतर बघता येईल. आणि भगिनी, तुमच्याही हातून पुढच्या वेळी वस्तू भिंतीला न लागता कुणाला लागली, तर चार्ट आणि ओव्हरच्या भरवशावर राहू नका, त्याच आठवड्यात समुपदेशकाकडे जा.

यानंतरही तुम्ही ओरडाल. कदाचित याच आठवड्यात. त्या दिवशी चार्टमध्ये लिहा, माफी मागा, आणि आधीचे चांगले दिवस खोडू नका.

घरच्या भक्तीत पुन्हा मुलाची पाळी येईल. तो तेच म्हणाला, तर त्याला थांबवू नका, "असं देवाला सांगतात का" असंही म्हणू नका, सासूबाईंकडे बघू नका. त्याचं बोलून झालं की सगळ्यांच्या आधी, त्याला ऐकू जाईल असं, तुम्ही "आमेन" म्हणा.

तुमची,
मावशी